हजेरीपटावरचे नाव

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून शिक्षेची मुदत पुरी करून सुटलेला गोंदिया जिल्ह्यातला इसम जेव्हा गोंदिया जंक्शनवर उतरतो, तेव्हा कारागृहातल्या मजुरीची जी काही शिल्लक असेल ती, सुटकेचा कागद आणि गावातले लोक काय म्हणतील ही धास्ती, एवढाच ऐवज त्याच्यापाशी असतो. अशा माणसाला काम मिळतच नाही, असा आपला सर्वसाधारण समज. परंतु गोंदियापुरता तरी तो पूर्णांशाने खरा नाही. हा जिल्हा धानाचा. खरिपाचे धान निघाले आणि राईस मिलमध्ये सरकारी खरेदीच्या धानाची भरडाई सुरू झाली, की पोती वाहणाऱ्या खांद्यांची निकड इतकी वाढते, की कोणाच्या पूर्वायुष्याची चौकशी करण्यास ठेकेदाराला सवड नसते आणि इच्छाही नसते. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, विटाभट्ट्या असतात. तेथेही कोणी कागद मागत नाही.

काम मिळते, पण ते बिननावाचे मिळते, आणि माझ्या मते खरे दुखणे येथेच आहे. डोक्यावर बारदानाची खोळ घेऊन पन्नास किलोंचे पोते फळीवरून ट्रकात चढवणाऱ्या त्या माणसाची नोंद ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत असते, तीही पुष्कळदा नुसत्या गावाच्या नावाने. गिरणीच्या हजेरीपटावर तो नसतोच. उद्या पोत्यांची थप्पी ढासळून त्याचा पाय खाली सापडला, तर आपण येथे कामाला होतो हे त्याने शाबीत तरी कशाने करावे? हमालांची रीतसर नोंदणी व्हावी, त्यांना भविष्यनिर्वाह निधी मिळावा, यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. पण त्याचा लाभ नोंद असलेल्यालाच होणार, आणि ज्याला आपले नाव कोठे उमटूच नये असे वाटते, तो नोंदीचा आग्रह धरणार कसा? ठेकेदार विचारत नाही, मजूर सांगत नाही, आणि या दुहेरी मौनावर त्या माणसाचे सगळे आयुष्य उभे राहते.

हे मौन मोडायची वेळ येते ती नोकरी थोडी वरच्या पायरीची असली म्हणजे. रखवालदाराची किंवा गाडीचालकाची जागा असली, की पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात, आणि अर्जात एक रकाना असतो: आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? या रकान्यापुढे शिक्षा भोगलेला आणि निर्दोष सुटलेला, दोघेही सारख्याच संकोचाने थबकतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या कारागृहांत असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप ठरलेलाच नाही असे. गोंदियातले असे बंदी भंडाऱ्याच्या जिल्हा कारागृहात ठेवले जातात; त्यांतला एखादा वर्षा-दोन वर्षांनी निर्दोष ठरून परतला, तरी गावाच्या लेखी तो ‘भंडाऱ्याला जाऊन आलेला’च राहतो.

कायदा या बाबतीत समाजाइतका कठोर नाही, हे मालकांना सहसा ठाऊक नसते. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे ज्याला न्यायालयाने ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, त्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग यांच्या प्रकरणात २०१६ मध्ये उमेदवाराने खरी माहिती दिली पाहिजे असे बजावले, पण तरुण वयातला क्षुल्लक गुन्हा लपवला गेला असेल, तर मालकाला तो आपल्या विवेकाने माफ करता येईल, असेही सांगितले.

मला अधिक खटकते ते कारागृहात शिकलेल्या हुन्नराचे वाया जाणे. सुतारकाम, शिवणकाम, विणकाम यांत हात बसलेला माणूस बाहेर येतो, आणि ‘हे कोठे शिकलास?’ या साध्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही म्हणून पोते उचलतो. हुन्नराचा दाखला दाखवावा, तर त्याबरोबर कारागृहाचे नावही उघडे पडते.

पूर्वायुष्य ठाऊक असूनही काम सोपवण्याचे धाडस महाराष्ट्राने पूर्वी केलेले आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्या राज्यात येऊन राहिलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना तेथे भिंतीवाचून शेती करू दिली, त्यांची कुटुंबेही सोबत राहू लागली. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपट घरोघरी पोचला. प्रयोग मात्र कारखानदारांपर्यंत पोचला नाही. ब्रिटनमध्ये जोडेदुरुस्तीची दुकाने चालवणारी टिम्पसन ही पेढी सुटकेपूर्वीच तुरुंगात जाऊन माणसे निवडते, आणि तिच्या नोकरांपैकी सुमारे दहातला एक तुरुंगातून आलेला असतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून सुटलेल्यांना कामाच्या वाटेवर आणण्याचे प्रयत्न करीत आहे.

गोंदियाच्या मिलमालकांना एवढे मोठे काही करावयाचे नाही. सुटून आलेल्यांच्या पुनर्वसनाचे कामही महिला व बालविकास विभागाच्या परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे असते. भरडाईचा हंगाम उघडण्यापूर्वी मालकांनी त्यांना पत्र घालून विचारावे, की येत्या काही महिन्यांत कोण सुटून येणार आहे आणि त्याला कोणते काम येते. शिवणकाम येणाऱ्याकडे बारदान शिवण्याचे काम द्यावे, सुताराला सुताराचे. आणि पहिल्या दिवशीच त्याचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, गिरणीच्या हजेरीपटावर घालावे.