हाती छडी, वाद्य नाही

बीथोवनच्या पाचव्या सिंफनीचे सुरुवातीचे चार स्वर कधीच कानावर पडले नाहीत, असा माणूस विरळा. पण ती सिंफनी स्वराने नव्हे, विरामाने सुरू होते. पहिली अर्धी मात्रा रिकामी आहे. त्या रिकाम्या जागेनंतर पन्नास-साठ जणांनी एकदम उतरायचं. आधी ठेका नाही, लेहरा नाही, काहीच नाही. आहे ती फक्त संचालकाची छडी. ती खाली येण्याआधी किती उचलली जाते, कोणत्या वेगाने, त्यावर लय ठरते. छडी जरा डळमळली की चार स्वरांचा चुरा होतो, आणि तो पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू येतो.

आपल्या बैठकीत गायक तबलजीकडे नुसतं बघतो आणि समेवर दोघं भेटतात. वाटेत काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. सिंफनीत स्वर कागदावर पक्के. मग संचालकाच्या हाती उरतं काय? लय, वजन, कोणी दबायचं, कोणी वर यायचं, कुठे किती थांबायचं. हे सगळं तालमीत ठरतं; मैफिलीतले हातवारे त्याची आठवण करून देण्यापुरते. व्हायोलिनच्या ताफ्यातले सगळे गज एकाच वेळी वर जातात तेही आपोआप नव्हे. पहिल्या खुर्चीवरचा प्रमुख व्हायोलिनवादक ते ठरवतो आणि प्रत्येकाच्या कागदावर पेन्सिलीच्या खुणा होतात. एका स्टँडवर दोघं वाजवतात, पान उलटण्याची वेळ आली की आतल्या बाजूचा थांबतो. वाद्यं जुळवायला स्वर ओबोवाला देतो. या साऱ्यात एकही स्वर न वाजवणारा माणूस एकच, आणि टाळ्या मात्र आधी त्याला! (पूर्वी काठी जमिनीवर आपटून ताल देत. फ्रान्सचा संगीतकार लुली त्या काठीने स्वतःचंच पाऊल जखमी करून घेऊन 1687 मध्ये दगावला. आताची छडी हलकी असते, हे बरंच आहे.)

सिंफनीचा हा नाद मुंबईला जुना. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पाश्चात्त्य वाद्यं सफाईने वाजवणारे हात शहरात होते ते मुख्यतः गोव्याचे. चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी शिकून आलेली ही मंडळी पोटासाठी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवत. त्यांच्यातलेच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांनी 1958 मध्ये स्वतःचा वाद्यवृंद काढून त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला लावलं. हिंदी गाण्यांतल्या व्हायोलिनच्या ताफ्यावर आपण जीव टाकतो, पण वाजवणाऱ्यांची नावं विचारत नाही.

मेहलींचा मुलगा झुबिन वडिलांच्या तालमी ऐकत वाढला. 1954 मध्ये तो व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्कींकडे संचालन शिकायला गेला. मोठे संचालक तालीम कशी घेतात ते जवळून बघता यावं म्हणून तिथल्या गायकवृंदात गायलाही उभा राहिला. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्रायल. मेहलीही परदेशी गेले. जगाला संचालक देणाऱ्या शहराला स्वतःचा व्यावसायिक वाद्यवृंद मिळायला 2006 उजाडलं.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेत खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ सुरू केला. 2019 मध्ये तो ब्रिटनचा दौराही करून आला. यातले बरेच वादक परदेशी, त्यातही कझाक. नाव भारताचं आणि वादक बाहेरचे, ही टीका खोटी नाही. पण अर्धवट आहे. सिंफनीत बसण्याजोगा व्हायोलिनवादक घडायला लहानपणापासून दहा-पंधरा वर्षांची रोजची मेहनत लागते, आणि ती करून घेणारी शाळा आपल्याकडे कुठे होती? एनसीपीएने वाद्यवृंदाच्या जोडीला मुलांची संगीतशाळा चालवली, हे मला वाद्यवृंदापेक्षाही मोलाचं वाटतं.

2023 मध्ये झुबिन मेहतांनी वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी मुंबईत याच वाद्यवृंदासमोर छडी धरली. पुढच्या हंगामात तिकीट काढाल तेव्हा समोरची महाग खुर्ची सोडा, बाजूची मागा. समोरून संचालकाची नुसती पाठ दिसते; बाजूने चेहरा आणि डावा हात दिसतो.