पहिला मसुदा लिहिणारे बी. एन. राव

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत केलेलं भाषण महाराष्ट्रात आजही पुन्हा पुन्हा वाचलं जातं. विभूतिपूजेबद्दलचा आणि सामाजिक विषमतेबद्दलचा त्यातला इशारा अनेकांना तोंडपाठ आहे. त्याच भाषणात बाबासाहेबांनी आपल्याला मिळणाऱ्या श्रेयातला काही वाटा सर बी. एन. राव यांचा असल्याचं सांगितलं. मसुदा समितीपुढे विचारासाठी आलेला कच्चा मसुदा रावांनी तयार केला होता, हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवलं. भाषणातल्या या भागाकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

बेनेगल नरसिंह राव घटना समितीचे सदस्य नव्हते. त्यांना मतदानाचा अधिकार नव्हता. १९४६ मध्ये ते घटनात्मक सल्लागार झाले आणि हे काम त्यांनी मानद म्हणून, वेतन न घेता केलं. जगातल्या घटनांमधल्या तरतुदी जमवून सदस्यांसाठी त्यांचे संग्रह काढायचे, प्रश्नावल्या पाठवायच्या, प्रत्येक पर्यायाचे फायदे-तोटे टिपणांतून मांडायचे, असं त्यांच्या दिवसांचं स्वरूप होतं. ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांचा मसुदा तयार झाला. त्यात २४३ कलमं आणि १३ परिशिष्टं होती. मसुदा समितीने तो पिंजून काढला, नव्याने घडवला. सभागृहात एकेका कलमावरचे आक्षेप बाबासाहेबांनी अंगावर घेतले. २६ नोव्हेंबरला मंजूर झालेली घटना ३९५ कलमांची होती. ‘खरी घटना कुणी लिहिली’ हा वाद आज ज्या हिरीरीने घातला जातो, त्यात या दोन्ही माणसांवर अन्याय होतो. पहिला मसुदा लिहिणं आणि तो देशाच्या प्रतिनिधींच्या गळी उतरवणं, ही दोन वेगळी आणि दोन्ही अवघड कामं होती.

रावांचा जन्म १८८७ साली मंगळूरचा. मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज, केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, मग आयसीएस. नोकरीची बरीच वर्षं बंगाल-आसामात गेली आणि पुढे ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. घरात कर्तबगारी होतीच. एक भाऊ बेनेगल रामा राव रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, तर दुसरे बी. शिवा राव नावाजलेले पत्रकार आणि घटना समितीचे सदस्य होते.

सल्लागाराचा एखादा शब्द देशाला केवढ्याला पडतो, हे एका कलमाच्या गोष्टीतून दिसतं. मूलभूत हक्कांच्या उपसमितीने अमेरिकेच्या घटनेतला ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ हा शब्दप्रयोग उचलला होता. म्हणजे कायदा रीतसर मंजूर झालेला असला, तरी तो मुळात न्याय्य आहे का, हे न्यायालय तपासू शकेल. रावांना यात धोका दिसत होता. न्यूयॉर्क राज्याने बेकरी कामगारांना दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त राबवून घ्यायला बंदी केली, तर १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच शब्दांच्या आधारे तो कायदा रद्द केला होता. उद्या भारतात कूळकायदा आला आणि जमीनदार कोर्टात गेले तर?

१९४७ च्या अखेरीस राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. अमेरिकेत ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. काही मोजक्या न्यायाधीशांनी लोकनियुक्त सभागृहाचे कायदे असे मोडीत काढणं लोकशाहीला धरून नाही आणि न्यायालयावरही त्याचा नाहक भार पडतो, असं फ्रँकफर्टर यांचं मत होतं. रावांनी परत येऊन ते मांडलं. मसुदा समितीने शब्द बदलले आणि जपानच्या घटनेच्या धर्तीवर ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. तेच आपलं कलम २१.

कुळांची काळजी रास्त होती, पण किंमत स्थानबद्धांना मोजावी लागली. १९५० मध्ये कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी आपल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेला आव्हान दिलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा अक्षरशः अर्थ लावला. संसदेने कायदा केला आहे, त्यातली पद्धत पाळली आहे, तर तो न्याय्य आहे का हे विचारायची सोय नाही. हा दरवाजा उघडायला १९७८ चा मनेका गांधी खटला यावा लागला. पासपोर्ट जप्तीच्या त्या प्रकरणात कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी हवी, असं न्यायालयाने ठरवलं. रावांनी जे काढून टाकायला सुचवलं होतं, ते बऱ्याच अंशी परत आलं. या एका बाबतीत त्यांचा अंदाज चुकला, असंच म्हणावं लागतं.

त्यांचा प्रत्येक सल्ला मानला गेला, असंही नाही. मार्गदर्शक तत्त्वं अमलात आणण्यासाठी केलेला कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत ठरला, तरी तेवढ्यामुळे तो रद्द होऊ नये, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली होती. ती तेव्हा बाजूला पडली. पुढे १९७१ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीत त्याच विचाराचा एक मर्यादित अवतार दिसला.

रावांचं दुसरं मोठं काम थेट घरात शिरणारं होतं. मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नांनी १९३७ साली हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा झाला, पण तो वाटा फक्त हयातीपुरता होता. त्या कायद्यातल्या त्रुटींवर विचार करायला १९४१ मध्ये सरकारने रावांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायदा समिती नेमली. १९४४ मध्ये समिती पुन्हा नेमली गेली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे तिचे सदस्य होते. मुंबई, पुणे, नागपूर, कलकत्ता, लाहोर अशी शहरं फिरून समितीने साक्षी घेतल्या. एकपत्नीत्व, घटस्फोट, स्त्रीला मालमत्तेवर पूर्ण मालकी, मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आणि एकत्र कुटुंबात जन्मानेच मिळणाऱ्या हक्काचा शेवट, हे सगळं तिच्या मसुद्यात होतं. समितीतले द्वारकानाथ मित्तर यांनी विरोधी मत नोंदवलं. देशभर तर गदारोळच उठला. पुढे हेच काम हिंदू कोड बिल म्हणून बाबासाहेबांच्या हाती आलं.

घटना मंजूर होण्याआधीच राव संयुक्त राष्ट्रांत भारताचे प्रतिनिधी झाले होते. जून १९५० मध्ये सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं आणि त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं. १९५२ मध्ये ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर न्यायाधीश म्हणून रुजू झाले. ३० नोव्हेंबर १९५३ रोजी झुरिकमध्ये त्यांचं निधन झालं.

हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आणि वारसा कायदा १९५६ मध्ये आला, तेव्हा ते हयात नव्हते. मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा मिळाला, म्हणजे रावांच्या समितीने सुचवल्याहूनही जास्त. वडिलोपार्जित मालमत्तेतला मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क मात्र तसाच राहिला. केरळने तो १९७५ च्या कायद्याने मोडीत काढला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वेगळी वाट धरली आणि अविवाहित मुलींना त्या हक्कात सामील करून घेतलं. देशभरातल्या सगळ्या मुलींना तो मिळायला २००५ साल उजाडलं.