हृदयाचे दुखणे, मेंदूचे दुखणे

पतीच्या निधनानंतर काही दिवसांतच पत्नीचाही मृत्यू झाला, की 'तिने हाय खाल्ली' असे आपल्याकडे म्हटले जाते. या बोलण्याला वैद्यकशास्त्राचाही आधार आहे, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करू इच्छितो.

१९९० साली जपानी हृदयरोगतज्ज्ञांनी एका विकाराचे वर्णन केले. तीव्र दुःखाच्या वा भीतीच्या प्रसंगी मेंदूच्या आज्ञेने अ‍ॅड्रेनालीनसारखी संप्रेरके रक्तात उसळतात. त्यांच्या माऱ्याने हृदयाचा खालचा डावा कप्पा दुर्बल होऊन टोकाशी फुगतो, असे मानले जाते. त्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा, तळाशी गोल व गळ्याशी अरुंद, दिसतो. त्या मडक्याचे 'ताकोत्सुबो' हे नाव विकारासही मिळाले. छातीत कळ, धाप, ईसीजीतील बदल, सारे हृदयविकाराच्या झटक्याप्रमाणेच. मात्र अँजिओग्राफीत त्याचा उलगडा होईल असा अडथळा सापडत नाही. रुग्णांत पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियाच अधिक. बहुतेकींचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. तथापि काही रुग्ण दगावतातही. म्हणून शोकाकुल घरातील स्त्रीने छातीत दुखते असे सांगितल्यास, 'रडून रडून झाले असेल' म्हणत तिला निजवून ठेवू नये. झटका कोणता, हे घरी बसून कोणालाच ठरविता येत नाही.

उलट दिशेचा आघातही तितकाच खरा आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायूचा वापर सुमारे २० टक्के. तो पोहोचविण्याचा भार हृदयावर. उतारवयात काहींच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसतेच थरथरतात. यास 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. तेथे रक्त साचते, गुठळी होते आणि ती मेंदूच्या धमनीत अडकली की पक्षाघात. हा धोका अशा रुग्णांत सुमारे पाचपट असतो, आणि कित्येकांना आधी काहीच जाणवत नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर नाडी पाहावी. ठोके वेडेवाकडे लागल्यास ईसीजी काढून घ्यावा. गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांनी हा धोका बराच कमी होतो. 'आता बरे वाटते' म्हणून त्या परस्पर बंद करण्याची खोड मात्र आपल्या समाजात फार!

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर मालिशवाल्याच्या शोधात वेळ दवडू नये. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि हे तास रुग्णाला शेवटचे धडधाकट पाहिले, त्या क्षणापासून मोजले जातात.