एचआयव्हीचे देशोदेशीचे पाठभेद

एचआयव्ही एकच, पण मुंबईतल्या रुग्णाच्या रक्तात बहुधा त्याचा ‘सी’ उपप्रकार सापडतो आणि न्यूयॉर्कमधल्या रुग्णाच्या रक्तात ‘बी’. दोन्ही उपप्रकारांच्या बाहेरच्या आवरणाची प्रथिनं ताडून पाहिली, तर सहसा 25 टक्क्यांहून जास्त फरक निघतो. इतका फरक पडतो कसा?

या विषाणूची आरएनएतली जनुकीय संहिता सुमारे 9,700 अक्षरांची. पेशीत शिरल्यावर त्याचं विकर या आरएनएवरून डीएनए लिहून काढतं, पण लिहिलेलं तपासत नाही. चूक राहते आणि पुढच्या प्रतींत उतरते. शिवाय एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले, तर अर्धा मजकूर याचा, अर्धा त्याचा अशी संमिश्र प्रतही तयार होते. थायलंडमध्ये पसरलेला ‘एई’ हा तसाच संमिश्र प्रकार मानला जातो.

जुन्या पोथ्यांचे पाठभेद जुळवून कोणती प्रत कुठून उतरली हे अभ्यासक ठरवतात. शास्त्रज्ञांनीही विषाणूच्या चुका जुळवत मागचा माग काढला. चिंपांझीतला मूळ विषाणू आग्नेय कॅमेरूनमधला. माणसांतली साथ 1920च्या सुमारास किन्शासात रुजली, आणि बहुतेक सगळे उपप्रकार काँगोच्या याच परिसरात आजही एकत्र सापडतात. तिथून एक शाखा 1960च्या दशकात हैतीला आणि 1970च्या सुमारास अमेरिकेत गेली. ती ‘बी’. दुसरी काँगोच्या दक्षिणेकडच्या खाणींच्या प्रदेशातून आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पसरली. ती ‘सी’. भारतातही तीच फोफावली. आज जगातले जवळपास निम्मे बाधित ‘सी’चे आहेत.

म्हणजे भारतीयांच्या शरीराने हा ‘सी’ घडवलेला नाही. जी शाखा आधी पोचली आणि जिला पसरायला वाट मिळाली, ती त्या प्रदेशाची झाली. ‘अमुक वंशाचा विषाणू’ असं कोणी म्हणालं, तर ते ठामपणे खोडून काढायला हवं. ‘सी’च्या काही जनुकीय वैशिष्ट्यांमुळे त्याचा प्रसार सोपा होत असावा, असं काही संशोधकांना वाटतं, पण रेल्वे, खाणी आणि स्थलांतर यांचा वाटा डावलून हा नकाशा समजत नाही.

या फरकांचे परिणाम मात्र खरे आहेत. 1990च्या दशकात, कॅमेरून भागातल्या ‘ओ’ गटाच्या एचआयव्हीचे काही रुग्ण तेव्हाच्या चाचण्यांतून निसटले होते. त्यानंतर चाचण्या सुधारल्या. आजची प्रचलित औषधं बहुतेक सर्व उपप्रकारांवर चालतात, ही मोठी दिलाशाची गोष्ट. अडतं ते लसीपाशी. थायलंडमध्ये ‘बी’ आणि ‘एई’वर बेतलेल्या लसीने 2009 साली जेमतेम 31 टक्के संरक्षण दिलं. तीच कल्पना ‘सी’साठी बदलून दक्षिण आफ्रिकेत वापरली, तेव्हा काहीच संरक्षण दिसलं नाही आणि 2020मध्ये चाचणी थांबली. म्हणून आता संशोधकांचं लक्ष आवरणावरच्या अशा जागांकडे आहे, ज्या बदलणं विषाणूलाच परवडत नाही. पेशीवरच्या सीडी4 या प्रथिनाला तो जिथे पकडतो, ती त्यांतली एक. तिथे चिकटणारी प्रतिपिंडं बऱ्याच उपप्रकारांना रोखू शकतात. लसीच्या जोरावर शरीराला ती स्वतः तयार करायला लावणं अजून जमलेलं नाही.