बारा घागरी, बाकीच्या अंधारात

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात हे लहानपणापासून माहीत होतं. रात्री दीड वाजता ते ऐकू आलं. सोळाही बाजूंनी कुत्री भुंकत होती आणि ती थांबल्याशिवाय शॉट सुरू होणार नव्हता.

मी गेलो तो एका वाक्यामुळे. नांदेडला माध्यमशास्त्र शिकणारा, मूळचा लातूरचा एक मुलगा बोलता बोलता म्हणाला होता, "सर, २०१६च्या पाण्याच्या रांगेवर शॉर्टफिल्म करतोय. पूर्ण रात्रीची. पाण्याचा एक थेंब दिसणार नाही." त्या वर्षी मार्चमध्ये लातूरच्या पाणवठ्यांभोवती कलम १४४ लागलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. हा मुलगा तेव्हा शाळेत होता.

गोलाईमागच्या गल्लीत सात जण जमले होते. दिग्दर्शक, कॅमेरावाला, आवाज घेणारी मुलगी, एक नट, एक नटी. उरलेले दोघं थर्माकोल धरायला, चहा आणायला आणि येणाऱ्या दुचाकीला हात करायला. नागराज मंजुळेंनी नगरला शिकताना 'पिस्तुल्या' केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे सातही जणांना तोंडपाठ. कॅमेरा भाड्याचा. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलेलं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि रस्त्यावरचा दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

कॅमेरावाल्याचं दुखणं वेगळंच होतं. रात्रीच्या शूटिंगचा जुना तोडगा म्हणजे रस्ता ओला करायचा. मग दिवे खाली चमकतात, काळोखाला खोली येते. तो बादली घेऊन उभाच होता. "२०१६च्या लातूरला ओला रस्ता?" दिग्दर्शक म्हणाला. बादली परत गेली. स्क्रीनवर रस्ता मेल्यासारखा काळा दिसत होता. मला तो तसाच बरा वाटला.

सगळे त्या वीतभर स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेले. आवाजाच्या मुलीनं तिकडं एकदाही पाहिलं नाही. कानाला हेडफोन, हातात बूमचा लांब दांडा, डोळे मिटलेले. "कट," ती म्हणायची. तो मान दिग्दर्शकाचा, पण हे तीही विसरली होती आणि तोही. एकदा कुणाच्या तरी घरातला फ्रीज, एकदा एटीएमचा एसी. तिसऱ्यांदा म्हणाली, "पाणी पडतंय कुठंतरी."

दोन घरं सोडून गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. बोअरची मोटार चालू, माणसं झोपलेली. एकही थेंब नसलेल्या फिल्मच्या आवाजात पाण्याची धार! हसायला वेळ नव्हता, एक जण दार वाजवायला पळाला.

दार आजींनी उघडलं. मोटार बंद करून त्या शाल गुंडाळून ओट्यावर येऊन बसल्या. "काय करालाव रे पोरांनो?" सांगितल्यावर त्यांनी रस्त्यात मांडलेल्या प्लास्टिकच्या घागरींकडे पाहिलं. "माझा नंबर एकशे बारा होता." मग बोटानं मोजल्या. "हितं तर बाराच हायत."

"बाकीच्या शंभर अंधारात आहेत, आजी," दिग्दर्शक म्हणाला. आजींना ते पटलेलं दिसलं नाही.

पुढचा टेक. नटी भरलेली घागर कमरेवर घेऊन येते आणि दारात ठेवते. ओट्यावरून आवाज आला, "रिकामी हाय की!" स्क्रीनवर कळत नाही, असं कॅमेरावाल्याचं मत. आवाजाच्या मुलीनं हेडफोन उतरवला. "आजींचं बरोबर आहे. ठेवताना पोकळ वाजतेय."

आवाज नंतरही भरता आला असता. चाल कुठून आणणार? पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो आणि नटी तर बाजारात निघाल्यासारखी चालत होती. शेवटी आजींच्याच टाकीतलं पाणी भरलं. पहिल्याच फेरीत ते सांडलं, साडी भिजली, रस्त्यावर ओघळ गेला आणि दिवा त्यात लखकन चमकला. कॅमेरावाला खूश. दिग्दर्शक कपाळाला हात लावून.

"एवढं सांडलं असतं तर सासूनं घरात घेतलं नसतं," म्हणत आजी उठल्या. पदर खोचला, घागर कमरेवर घेतली, दुसरा तळवा तिच्या तोंडावर दाबला आणि चालू लागल्या. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल घासत. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. एक थेंब पडला नाही. कॅमेरा बंदच होता. बूमचा दांडा मात्र त्यांच्या पावलांमागे गेलेला मी पाहिला.

त्यानंतर नटीला सात टेक लागले.

पावणेचारला शेवटचं काम उरलं, रूम टोन. त्या जागेची शांतता तीस सेकंद घेऊन ठेवायची, म्हणजे संकलनात आवाजाचे सांधे बुजवता येतात. कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही. कुत्रीही दमली होती. साधारण विसाव्या सेकंदाला आजी स्वतःशीच म्हणाल्या, "एकशे बारा."

मुलीनं तीस सेकंद पुरी होऊ दिली. मग म्हणाली, "आजी, परत एकदा घेते. आता बोलायचं नाही हं."