जेट एंजिनातील हवेची चढण

जेट एंजिनात इंधन जाळण्यापूर्वी हवा भरपूर दाबून घ्यावी लागते. हे काम संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, करतो. त्याच्या प्रत्येक टप्प्यात पात्यांच्या दोन रांगा असतात. फिरती रांग हवेला वेग देते. मागची स्थिर रांग तो वेग कमी करून त्याचे दाबात रूपांतर करते. एका टप्प्यात दाब साधारणतः १.३ पट वाढतो, असे धरू. ही वाढ किरकोळ भासते. परंतु ९ टप्प्यांनंतर तो १० पटींहून अधिक होतो, कारण येथे बेरीज नसून गुणाकार आहे. हवा दाबली जाऊन तिचे आकारमान घटते, म्हणून मागील पाती आखूड असतात.

मग एकाच टप्प्यात एवढा दाब का निर्माण करू नये? टेंभू उपसा सिंचन योजनेत कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढविले जाते, हे अनेकांना ठाऊक असेल. संपीडकातील हवाही अशीच, कमी दाबाकडून अधिक दाबाकडे, चढ चढत असते. चढ फार तीव्र झाला की पात्यांलगतची मंद हवा पृष्ठभाग सोडते, प्रवाह विस्कटतो आणि प्रसंगी दाबलेली हवा स्फोटासारखा आवाज करीत उलट पुढे येते. टरबाइनमध्ये मात्र हवेला उतार असतो. म्हणूनच बोइंग ७३७ विमानांना बसविलेल्या सीएफएम ५६ एंजिनात ९ टप्प्यांचा उच्चदाब संपीडक फिरविण्यास टरबाइनचा एकच टप्पा पुरतो!

पात्यांना विमानाच्या पंखासारखा आकार दिल्यास ही चढण साधेल, हे इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२६ मध्ये दाखविले. तरीही फ्रँक व्हिटल यांनी १९३७ मध्ये चालविलेल्या पहिल्या एंजिनात हवा बाहेरच्या बाजूस फेकणारा केंद्रोत्सारी संपीडकच होता. त्या काळी तोच अधिक भरवशाचा होता.

टप्पे वाढले की एंजिन सुरू करतानाच अडचण येते. गती कमी असताना हवा पुरेशी दाबली जात नाही. ती मागच्या अरुंद मार्गात मावत नाही आणि पुढील टप्प्यांत तुंबते. त्यावर एक उपाय म्हणजे काही हवा मधूनच बाहेर सोडणे. अमेरिकेच्या जे ७९ या १७ टप्प्यांच्या एंजिनात पुढील स्थिर पात्यांचा कोन गतीनुसार बदलण्याची सोय केली गेली. तिसरा उपाय म्हणजे संपीडकाचे दोन भाग करून ते वेगवेगळ्या गतीने फिरविणे. नाशिकजवळील ओझर येथे बांधल्या गेलेल्या आणि २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालेल्या मिग-२१ विमानांच्या एंजिनांत हीच रचना होती.