जड वजनाची कुस्ती आणि बुलढाण्याची गदा

व्यावसायिक मुष्टियुद्धात 200 पौंडांहून, म्हणजे सुमारे 91 किलोंहून अधिक वजनाच्या खेळाडूंचा जो गट हेवीवेट म्हणून ओळखला जातो, त्याची सारी घडण दोन प्रकारच्या माणसांवर उभी असते. पहिला उगवता खेळाडू, ज्याच्या नावावर एकही पराभव नसतो आणि तो नसावा यासाठी प्रतिस्पर्धी पारखून निवडले जातात. दुसरा फिरता, पोटासाठी लढणारा अनुभवी खेळाडू, जो हरण्यासाठीच बोलावला जातो, पण हरताना समोरच्या तरुणाला काही फेऱ्यांचे शिक्षण देऊन जातो. ब्रिटनचा मोझेस इटौमा जानेवारी 2023 मध्ये व्यावसायिक झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये त्याने रियाधला डिलियन व्हाइट या नामांकित ज्येष्ठाला पहिल्याच फेरीत झोपवले, तेव्हा त्याच्या लढती तेरा आणि विजयही तेरा होते. त्याच ब्रिटनमध्ये हलक्या गटांत लढणारा पीटर बक्ली 2008 मध्ये निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर 300 लढती आणि त्यांतले 256 पराभव होते. जड असो वा हलका, प्रत्येक गटातील उगवत्यांची बेदाग कारकीर्द अशा माणसांच्या पाठीवर चढत जाते.

बुलढाणा जिल्ह्यात जड अंगाच्या माणसाचे क्षेत्र मुष्टियुद्ध नव्हे, कुस्ती आहे. आणि हाच दुहेरी व्यवहार तेथे वेगळ्या नावांनी, पण तितक्याच काटेकोरपणे चालतो. त्याचे शिखर म्हणजे महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने 1961 पासून सुरू केलेली महाराष्ट्र केसरी स्पर्धा. या स्पर्धेच्या अधिवेशनात ठरावीक वजनांचे गट असतातच, परंतु मानाची गदा मिळते ती खुल्या गटाला, ज्यात आता 86 ते 125 किलोंपर्यंतचे मल्ल उतरतात. हा गट माती आणि गादी अशा दोन विभागांत खेळवला जातो. माती म्हणजे पारंपरिक आखाडा, गादी म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांची मॅट. दोन्ही विभागांचे विजेते शेवटी किताबासाठी समोरासमोर येतात. गटाची रुंदी लक्षात घेण्यासारखी आहे, कारण 86 आणि 125 यांत एका शाळकरी मुलाच्या वजनाचे अंतर आहे. 2011 ते 2013 अशी सलग तीन वर्षे गदा जिंकणाऱ्या नरसिंग यादवने 2015 च्या जागतिक स्पर्धेतील कांस्यपदक 74 किलो गटात मिळवले होते, यावरून या किताबात निव्वळ वजनच निर्णायक असते असे म्हणता येत नाही. तरीही गदेवर हक्क सांगणाऱ्या बहुतेकांचा देह शंभरीच्या पुढचाच असतो.

डिसेंबर 2018 मध्ये जालना येथे भरलेल्या अधिवेशनात ही गदा प्रथमच बुलढाण्याच्या नावावर गेली असे वाटावे अशी घटना घडली. जालना जिल्हा बुलढाण्यातील देऊळगाव राजाच्या सीमेला लागूनच आहे, त्यामुळे ती लढत जिल्ह्याच्या उंबरठ्यावरच झाली म्हणायची. माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेखने आदल्या वर्षीचा विजेता, पुण्याचा अभिजित कटके याला 11-3 अशा गुणफरकाने हरवले आणि गुणफलकावर विजेत्याच्या नावापुढे बुलढाणा हा शब्द लागला. पण बाला रफिक मूळचा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याच्या खडकी गावचा; त्याची कुस्ती घडली ती कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत, हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली, आणि पुढे पुण्यात. बुलढाण्याच्या वाट्याला त्यातले प्रतिनिधित्व आले.

हे नियमबाह्य नव्हते, उलट स्पर्धेच्या रचनेतूनच ते निघते. प्रत्येक जिल्हा वा शहर संघाला एका वजनगटात मातीसाठी एक आणि गादीसाठी एक, अशाच जागा असतात. त्यामुळे कोल्हापूर, पुणे, सोलापूर अशा ठिकाणी, जिथे एकाच तालमीत खुल्या गटाचे तीन-चार दावेदार एकमेकांशी रोज झुंजत असतात, तिथे निवड चाचणी हाच खरा अंतिम सामना ठरतो. ज्या जिल्ह्यात जड वजनाचे मल्ल मोजके, तिथे जागा मोकळी राहते. या व्यवस्थेला कोणी उसनवारी म्हणेल. पण ज्या मुलाला दुसऱ्या जिल्ह्यातून दार उघडले नसते, तो गदेच्या आखाड्यापर्यंत पोहोचलाच नसता, हेही तितकेच खरे आहे. बुलढाण्याच्या बाजूने पाहिले, तर प्रश्न वेगळा उरतो: जिल्ह्याला स्वतःचा जड मल्ल का उभा करता येत नाही?

त्याचे पहिले उत्तर खुराकात आहे. पैलवानाचा खुराक म्हणजे केवळ जास्त जेवण नव्हे; दूध, तूप, बदामाची थंडाई, फळे आणि जिथे चालते तिथे मटण-अंडी, हे सारे वर्षानुवर्षे, दुखापतीच्या महिन्यांतही, न चुकता पुरवावे लागते, आणि शंभर किलोंच्या पुढे देह जाऊ लागला की खर्च वजनाच्या प्रमाणात न वाढता त्याहून वेगाने वाढतो. कपाशी-सोयाबीनच्या कोरडवाहू शेतीवर, पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या घराला हलक्या वजनाचा मुलगा तालमीत ठेवणे कसेबसे जमते, जड वजनाचा नाही. कोल्हापूरच्या तालमींना शाहू महाराजांच्या काळात राजाश्रय मिळाला आणि पुढे साखर कारखान्यांनी मल्ल दत्तक घ्यावेत तसे पोसले. असा पोशिंदा वऱ्हाडाला त्या प्रमाणात लाभला नाही. अमरावतीला 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी मातब्बर संस्था उभी राहिली, तिचे पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवून आले. परंतु तिचा भर सर्वांगीण शारीरिक शिक्षणावर राहिला, एखाद्या जड मल्लाच्या जोपासनेवर नव्हे.

दुसरे उत्तर जोडीत आहे. जोड म्हणजे सरावातला तुल्यबळ साथीदार. 60 किलोंच्या मुलाला गावोगावी जोड मिळते. 115 किलोंच्या मुलाला ती जिल्ह्यातच मिळाली नाही, तर त्याला स्वतःहून हलक्यांशीच लढावे लागते, त्याचे डाव आळसावतात आणि ताकदीवर भिस्त ठेवण्याची वाईट सवय लागते. म्हणून जड वजनाचा होतकरू मुलगा घर सोडतो, आणि एकदा सोडले की बहुधा परत येतो तो जत्रेपुरता.

जत्रेची दंगल ही या व्यवसायाची दुसरी बाजू. दंगल म्हणजे गावाने वा देवस्थानच्या समितीने भरवलेल्या खुल्या कुस्त्या, ज्यात वजनकाटा नसतो. सकाळी आखाड्यात लाल माती भुसभुशीत करून तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे जिन्नस मिसळले जातात. दुपारी पोरासोरांच्या नारळ-रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात आणि इनाम चढत चढत संध्याकाळी शेवटच्या कुस्तीपर्यंत जाते. जोड लावण्याचे काम समितीतले जुने पैलवान करतात, आणि ते पाहण्यासारखे असते: एक मल्ल आखाड्याभोवती फिरून आव्हान देतो, दुसरा पुढे येतो, जुना जाणकार दोघांना शेजारी उभे करून मान, खांदे, मांड्या नजरेने तोलतो, मोडलेले कान पाहून कोण किती वर्षे मातीत आहे याचा अदमास घेतो, आणि पटले तर दोघांचे हात एकमेकांत देऊन वर उचलतो. हलगी वाजते, निवेदक इनामाचा आकडा पुकारतो, आणि त्या आकड्यात प्रेक्षकांतून कोणीतरी भर घालतो.

अशा दंगलीत शेवटच्या कुस्तीला एका बाजूला बहुधा नावारूपाला येत असलेला, कोल्हापूर-पुण्याच्या तालमीचा पट्ठा असतो आणि दुसऱ्या बाजूला तिशी ओलांडलेला, हंगामभर या जत्रेतून त्या जत्रेत जाणारा मल्ल. त्याला जिंकायचे असतेच. पण समितीला हवी असते ती वीस मिनिटांची रंगलेली कुस्ती, आणि तो ती देऊ शकतो. घिस्सा, ढाक, एकलंगी या डावांचे प्रयत्न कसे फसतात हे तरुणाला त्याच्याकडूनच कळते. कुस्ती निकाली न होता बरोबरीत सोडवली गेली, तर इनाम सामान्यतः निम्मे-निम्मे होते, आणि म्हणून फिरत्या मल्लाला बरोबरी ही पराभवापासूनची सुटका व प्रवासखर्चाची हमी, अशी दोन्ही अंगांनी सोयीची असते. संगनमताने ठरवून केलेल्या नुरा कुस्तीचा संशय याच जागी येतो. तो नेहमीच अन्याय्य असतो असे म्हणणे धाडसाचे होईल.

मुष्टियुद्धाशी खरा फरक येथे आहे. बक्लीचे 256 पराभव नोंदले गेले, म्हणून त्याची कामगिरी मोजता येते आणि तिला एक प्रकारची प्रतिष्ठाही मिळाली. जत्रेतल्या मल्लाची नोंद कोठेच नसते. त्याचा पराभव दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचण्यापूर्वी विरतो, पण त्याने एखाद्या भावी केसरीला पहिल्या वर्षी रोखून धरले असेल, तर तेही विरते.

दरम्यान, याच जिल्ह्याचे ठोसेबाजीत नाव झाले ते जड गटाच्या नेमके दुसऱ्या टोकाला. बुलढाण्याच्या अनंत चोपडेने 2019 मध्ये इंडोनेशियातील लाबुआन बाजो येथे प्रेसिडेंट्स चषकात 52 किलो गटाचे सुवर्ण जिंकले. त्या वजनाला बदाम-तुपाचा डोंगर लागत नाही, सरावाची जोड सापडते, आणि कोरडवाहू घरातल्या सडपातळ मुलाचा बांधा तेथे अडचण न ठरता उपयोगी पडतो. भारतातून हौशी मुष्टियुद्धातल्या हेवीवेटच्याही वरच्या, 91 किलोंपुढच्या गटात ऑलिंपिकला पात्र ठरलेला पहिला खेळाडू, बुलंदशहरचा सतीश कुमार, टोकियोपर्यंत पोहोचला तो सैन्याच्या आधाराने. म्हणजे तेथेही जड देहाला कोणीतरी पोसावेच लागले.

गदा मिळाली की मल्लाचा मार्ग बदलतो. नरसिंग यादव आणि 2014 ते 2016 चा तिहेरी विजेता विजय चौधरी हे दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले, आणि किताबधारी माजी मल्लांना राज्य शासन मासिक मानधन देते. त्या मानधनाचा निकष किताब हा आहे. पंधरा हंगाम जत्रांमधून शेवटच्या कुस्त्या लढलेला मल्ल त्यात बसत नाही. तो बहुधा गावी परततो, शेती पाहतो आणि जमले तर संध्याकाळी पोरांना सपाट्या-जोर शिकवतो.